शिक्षक होण्याचा कोर्स निवडताना नेमकं काय बघायचं?

शेवटचंवर्ष
नमस्कार मंडळी. विज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे शाळेतच शिकवायचं हे ठरलंय. (अजून विचार कर असं प्लीज सांगू नका, तो करून झालाय.) प्रश्न आहे कोर्सचा. एक वर्षाचे आहेत, दोन वर्षांचे आहेत, चार वर्षांचे एकात्मिक (पदवी आणि बीएड एकत्र) आहेत, परदेशातले तर आणखी वेगळे. माहितीपत्रकं वाचून काहीच कळत नाही, सगळीकडे अनुभवी प्राध्यापक आणि उत्तम निकाल एवढंच लिहिलेलं असतं. परवाना मिळेल हे तर सगळेच सांगतात. पण मला हे जाणून घ्यायचंय की ज्यांनी असा कोर्स केलाय त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यातलं काय खरंच कामाला आलं? आणि काय शिकवलं असतं तर बरं झालं असतं? कुठल्याही देशातला अनुभव चालेल.

रानजाई
सराव पाठ. बाकी सगळं त्याच्यानंतर.

नांदी
मी वेगळं मत मांडतो. मी इंजिनिअर आहे, कुठलाही कोर्स न करता दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि मुलं शिकतात. विषय पक्का असेल, मुलांबद्दल आस्था असेल तर शिकवता येतं. विद्यापीठात शिकवणाऱ्यांना कुठे असा परवाना लागतो? एकदोन वर्षं मानसशास्त्राच्या थिअऱ्या पाठ करण्यात घालवण्यापेक्षा त्या वेळात विषय आणखी खोल शिकावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

पिंपळपान
@नांदी, तुमच्याकडे येणारी मुलं शिकायचं ठरवून येतात, बहुतेकांचा पाया तयार असतो. शाळेच्या वर्गात तसं नसतं. आणि विषय येणं आणि तो शिकवता येणं यात फरक आहे, हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये नेमकं हेच मांडलं, की शिक्षकाकडे विषयज्ञान लागतं, सर्वसाधारण अध्यापनकौशल्य लागतं, आणि या दोन्हींपेक्षा वेगळं एक तिसरं ज्ञान लागतं, हाच विषय याच वयाच्या मुलाला कुठे अडतो आणि तो अडथळा कसा काढायचा याचं. आपल्याकडे बीएडला आशययुक्त अध्यापन म्हणून पेपर असतो तो याच जातीचा.

उदाहरण देते. एक चतुर्थांश मोठं की एक तृतीयांश असं विचारलं तर बरीच मुलं एक चतुर्थांश म्हणतात कारण चार हे तिनापेक्षा मोठे. ०.३५ आणि ०.५ यात ०.३५ मोठं म्हणतात कारण पस्तीस पाचापेक्षा जास्त. गणित उत्तम येणाऱ्या माणसाला ही चूक सुचतसुद्धा नाही, त्यामुळे तो पुन्हा तोच नियम, जरा मोठ्या आवाजात सांगतो. शिक्षकाला ही चूक वर्गात जायच्या आधी माहीत असायला हवी आणि मूल हे उत्तर देताना काय विचार करतंय हे पण कळायला हवं. तुझा विषय विज्ञान ना ग? तिथे तर असल्या समजुतींची खाणच आहे. झाडाचं वजन मातीतून येतं, जड वस्तू लवकर पडते, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून गरम होतं. कोर्समध्ये हे शिकवतात का ते बघ.

नांदी
@पिंपळपान, दशांशाचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण हे सगळं शिकवता शिकवता दोन महिन्यांत कळतं की. त्यासाठी विद्यापीठ कशाला?

पिंपळपान
त्या दोन महिन्यांत जी मुलं तुमच्यासमोर असतात त्यांचं काय?

खडूफळा
अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं काम केलं, सराव पाठांची निरीक्षणं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षकी पेशा एका बाबतीत इतर पेशांपेक्षा वेगळा आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने ऑपरेशन थिएटरमध्ये बालपण काढलेलं नसतं. शिक्षक व्हायला निघालेली मुलगी मात्र बारा-तेरा वर्षं रोज शिक्षकांकडे बघत बसलेली असते. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांच्या हिशोबाने शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात असतो. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. पण त्याने ते फक्त बाकावरून पाहिलेलं असतं. बाईंनी तो प्रश्न त्याच मुलाला का विचारला, मधेच उदाहरण का बदललं, दोन मुलांचं भांडण दिसूनही दुर्लक्ष का केलं, हे बाकावरून दिसत नाही.

मग होतं काय, छात्रशिक्षक पहिल्यांदा वर्गात गेला की घाबरतो, आणि घाबरला की त्याला ज्या पद्धतीने शिकवलं गेलं त्याच पद्धतीवर जातो. व्याख्यानात कितीही रचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार) ऐकलेला असो. चांगल्या कोर्सचं खरं काम हे आहे की ही जुनी सवय वर काढायची आणि तिच्याकडे बघायला लावायचं. त्यासाठी सराव पाठ लागतो, पण नुसता पाठ घेऊन उपयोग नाही. पाठानंतर शांतपणे बसून तो तपासणारं माणूस लागतं. मी पाहिलेल्या छात्रशिक्षकांमध्ये जे पुढे खरोखर चांगले शिक्षक झाले, त्यातल्या जवळपास प्रत्येकाला शाळेत एक चांगला मार्गदर्शक शिक्षक मिळालेला होता. कॉलेजचं नाव, निकाल, इमारत यापेक्षा मी ही एक गोष्ट वर ठेवीन.

अवकाळी
खडूफळा सर, निरीक्षक मागच्या बाकावर बसले की अख्खा वर्ग इतका गुणी होतो की त्यांना कायमचंच तिथे बसवावं असं वाटतं :)

खडूफळा
@अवकाळी, हो, आणि म्हणूनच महिन्यातून एकदा येऊन गुण देणाऱ्या निरीक्षकापेक्षा रोज त्या वर्गात असणारे शिक्षक महत्त्वाचे. मुलं छात्रशिक्षकाला पाहुणा समजत असतील तोपर्यंत त्याला खरा वर्ग भेटलेलाच नसतो.

त्रिज्या
जर्मनीचा अनुभव लिहिते. मी इथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते. इथे माध्यमिकला साधारण दोन विषय घ्यावे लागतात, विद्यापीठात आधी बॅचलर आणि मास्टर (काही राज्यांत अजून स्टाट्सएक्झामेन, म्हणजे सरकारी परीक्षा), आणि ते सगळं झाल्यावरही तुम्ही पूर्ण शिक्षक नसता. मग रेफरेंडारिआट. म्हणजे राज्यानुसार साधारण एक ते दोन वर्षं शाळेत उमेदवारी, पगार मिळतो (पूर्ण शिक्षकाएवढा नाही), आठवड्यातले काही तास स्वतः शिकवायचं, काही तास दुसऱ्यांच्या वर्गात बसायचं, आणि सोबत सेमिनार. शेवटी परीक्षेचे पाठ, समोर परीक्षक बसलेले, पाठ संपला की तुम्ही आधी स्वतःच्या पाठाचं विश्लेषण करायचं आणि मग ते बोलणार.

फार ताण असतो, खोटं बोलणार नाही. माझ्या बॅचचे काही जण त्यातच सोडून गेले. पण त्या विश्लेषणाने मला जे दिलं ते कशानेच दिलं नाही. "पाठ छान झाला" असं म्हटलं की लगेच विचारायचे, कुणासाठी? तिसऱ्या रांगेतल्या मुलाला काय कळलं? तुला कसं माहीत? सुरुवातीला राग यायचा. आता प्रत्येक तासानंतर तो प्रश्न माझ्या डोक्यात आपोआप येतो.

तक्रार एकच, विद्यापीठातल्या वर्षांत शाळा फारच कमी. आता बऱ्याच राज्यांत मास्टरमध्ये प्राक्सिससेमेस्टर आलंय, म्हणजे काही महिने शाळेत. ते फार गरजेचं होतं, कारण पाच वर्षं शिकून झाल्यावर मुलांसमोर उभं राहणं आपल्याला आवडतच नाही हे कळणं वाईट.

रानजाई
+१ शेवटच्या वाक्याला. कोर्सच्या पहिल्या महिन्यातच शाळेत पाठवायला पाहिजे, नुसतं बघायला का होईना.

उंबरठा
मी शिक्षक नाही, पालक आहे. एक वेगळी बाजू मांडते. दरवर्षी आमच्या मुलांच्या वर्गात नवे छात्रशिक्षक येतात, चार दिवस शिकवतात, जातात. मुलांना लळा लागतो तोवर दुसरे येतात. एका धड्याचं तर दोनदा शिकवून झालं आणि एक धडा राहूनच गेला. शिकाऊ माणसाला सराव हवा हे समजतं हो, पण तो आमच्या मुलांवरच का?

वाटसरू७
@उंबरठा, प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर कोर्सच्या रचनेत आहे. मी अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये विशेष शिक्षण देतो. इथे पारंपरिक कोर्समध्ये शेवटी साधारण एका सेमिस्टरचं स्टुडंट टीचिंग असतं, आणि चांगल्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग हातात देत नाहीत. आधी एक छोटा गट, मग एक विषय, मग मूळ शिक्षकासोबत मिळून शिकवायचं, आणि शेवटचे काही आठवडे पूर्ण दिवस. वर्गात एकाऐवजी दोन मोठी माणसं असल्यामुळे मुलांचा उलट फायदा होतो. मूळ शिक्षक स्टाफरूममध्ये जाऊन बसले तर मात्र तुमची तक्रार शंभर टक्के खरी.

काही शहरांत रेसिडेन्सी म्हणून प्रकार आहे, बॉस्टनमध्ये २००३ पासून. पूर्ण शालेय वर्ष एकाच मार्गदर्शक शिक्षकाच्या वर्गात. पहिल्या दिवशी वर्गाचे नियम कसे बसवतात इथपासून वर्षअखेरपर्यंत सगळं बघायला मिळतं. मुलांसाठीही तो माणूस वर्षभर तोच राहतो. याच्या दुसऱ्या टोकाला झटपट मार्ग. १९९० पासून चालू असलेल्या टीच फॉर अमेरिकामध्ये बरीच वर्षं उन्हाळ्यातलं जेमतेम पाच आठवड्यांचं प्रशिक्षण होतं आणि मग थेट वर्ग हातात. त्यातून उत्तम माणसं शिक्षणात आली हे मी स्वतः पाहिलंय, पण सर्वात अवघड शाळांमध्ये सर्वात कमी तयारीची माणसं पाठवणं मला पटत नाही.

@शेवटचंवर्ष, परवान्याचं म्हणशील तर इथे तो राज्य देतं, विद्यापीठ नाही. प्रत्येक राज्याच्या परीक्षा वेगळ्या, बऱ्याच ठिकाणी प्रॅक्सिस नावाची परीक्षा. स्वतःच्या पाठाचा व्हिडिओ आणि लेखी विश्लेषण पाठवायची एडटीपीए नावाची चाचणी बऱ्याच राज्यांनी आणली, मग जॉर्जियाने २०२० मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२२ मध्ये ती काढून टाकली. म्हणून कोर्स घेण्याआधी आपण जिथे नोकरी करणार तिथे तो चालतो का हे लेखी विचारून घे. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात जसाच्या तसा चालेलच असं नाही.

शेवटचंवर्ष
बापरे, इतकं सगळं. सगळ्यांना मनापासून थँक्यू. वाटसरूदादा, हे लेखी विचारायचं माझ्या लक्षातच आलं नसतं. एक विचारू का, भारतात बीएड केलं की परवाना मिळाला असंच ना?

पिंपळपान
नाही ग, इथे गोंधळू नकोस. बीएड ही पदवी. पहिली ते आठवीला शिकवायचं तर त्यावर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पण लागते, शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर एनसीटीईने (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१० मध्ये ती अट घातली. आणि बीएडवर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे, त्या वर्गांसाठी प्राथमिकचं वेगळं प्रशिक्षण म्हणजे डीएलएड वगैरे हवं. तुला विज्ञान शिकवायचंय म्हणजे सहावीच्या पुढेच जाशील, मग बीएड बरोबर आहे.

बीएड २०१४ च्या नियमांनी एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेत २० आठवडे धरलेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हे कागदावर खूप चांगलं आहे. पण माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांची इंटर्नशिप फक्त वहीत झाली, शिक्का मारून आणला की झालं. आमच्या शाळेत पण एका कॉलेजकडून पत्र आलं होतं, मुलं येणार नाहीत फक्त प्रमाणपत्र द्या म्हणून. मुख्याध्यापिकांनी ते परत पाठवलं.

खडूफळा
पिंपळपान यांनी लिहिलंय ते दुर्दैवाने खरं आहे, आणि सरकारी कागदातही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा (२०१२) हवाला देऊन स्पष्ट म्हटलंय की दहा हजारांहून जास्त स्वतंत्र संस्थांपैकी बहुतांश संस्था गंभीरपणे शिक्षक घडवतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. म्हणून त्या धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बीएड ही किमान पात्रता करायचं आणि ते बहुशाखीय विद्यापीठांमध्ये आणायचं ठरलं. ही कल्पना पण अगदी नवी नाही, प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांमध्ये १९६०च्या दशकापासून चार वर्षांचा कोर्स चालत आलाय.

मी स्वतः या बदलाच्या बाजूने आहे. मात्र चार वर्षं झाली म्हणून शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाला वेळ मिळेल असं नाही. त्याला आजही या कामासाठी एक तास कमी केला जात नाही. स्वतःचे सगळे तास घेऊन, पेपर तपासून, वर निवडणुकीचं काम करून त्याने नव्या माणसाला घडवायचं, हे कसं होणार? हा मुद्दा मी दरवर्षी बैठकांमध्ये मांडायचो.

चक्रधर
थोडं अवांतर. हा प्रश्न फार जुना आहे. फ्रान्समध्ये ला साल यांनी १६८५ मध्ये र्‍हेम्स इथे शिक्षक तयार करणारी संस्था काढली. अमेरिकेत पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल (म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा) १८३९ मध्ये लेक्सिंग्टनला. फिनलंडमध्ये १८६३ ला युवॅस्क्यूला इथे उनो सिग्नेयस यांनी. सावित्रीबाई फुल्यांनीही अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. बहुतेक ठिकाणी शिक्षक प्रशिक्षण आधी वेगळ्या संस्थांमध्ये होतं आणि विद्यापीठात खूप नंतर गेलं. त्यामुळे प्रतिष्ठा वाढली, पण शाळा लांब गेली. अजून ते अंतर भरलेलं नाही.

त्रिज्या
@चक्रधर, फिनलंडने ते बऱ्यापैकी भरलंय. तिथे १९७९ पासून शिक्षकाला मास्टर पदवी लागते, पाच वर्षांचं शिक्षण. पण विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांचं कामच मुलांना शिकवणं आणि छात्रशिक्षकांना शिकवणं असं दुहेरी असतं. आणि शेवटी वेगळी परवाना परीक्षा नाही, पदवी हीच पात्रता. सगळी चाळणी प्रवेशाच्या वेळी. हे मला जास्त पटतं, पाच वर्षं शिकवून मग एका पेपरवर अडवण्यापेक्षा.

नांदी
म्हणजे चांगल्या पद्धतीत सुद्धा महत्त्वाचं काम शाळेतच होतंय ना? मग मी म्हणत होतो ते वेगळं काय होतं?

त्रिज्या
शाळेत होतंय, पण एकट्याने नाही. तुम्ही म्हणत होता की वर्गात उभं राहिलं की आपोआप कळतं. मी म्हणते सोबत कुणीतरी विचारणारं असेल तर कळतं, नाहीतर वीस वर्षं शिकवूनही दशांशाची चूक दिसत नाही.

नांदी
सोबत कुणीतरी हवं हे मान्य आहे. तरी परवान्याची सक्ती मला पटत नाही. विषयाची उत्तम माणसं त्यामुळे बाहेर राहतात, विशेषतः गणित-विज्ञानाची. यावर आपलं एकमत होणार नाही.

रानजाई
सूक्ष्मपाठाबद्दल कुणीच बोललं नाही. पाच-सहा मिनिटं, समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी म्हणून बसलेले, आणि एकच कौशल्य, आज फलक लेखन, उद्या प्रश्न विचारणं, परवा चेतक बदल (मुलांचं लक्ष टिकवायला आवाज, हालचाल वगैरे बदलणं). मला ते तेव्हा खोटं खोटं वाटायचं.

खडूफळा
@रानजाई, मूळ कल्पना चांगली होती. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आणली. छोटा पाठ, लगेच चर्चा, आणि मग तोच पाठ सुधारून पुन्हा. आपल्याकडे वेळ नाही म्हणून पुन्हा शिकवण्याचा भाग गळतो किंवा उरकला जातो, आणि सगळा जीव त्यातच होता.

अवकाळी
आणि पाठ टाचण? एका तासाचं टाचण आठ पानं! उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती... विद्यार्थी कृतीच्या रकान्यात "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात" असं लिहिताना मला नेहमी वाटायचं की हे त्यांना पण कळवायला पाहिजे.

पिंपळपान
हाहाहा. पण @अवकाळी, मी टाचणाच्या बाजूने आहे. आठ पानांच्या नाही. पण मी कोणता प्रश्न विचारणार, त्याला कोणती चुकीची उत्तरं येतील आणि आली तर काय करणार, हे तीन ओळीत लिहिल्याशिवाय मी आजही वर्गात जात नाही.

उंबरठा
वाटसरू७ आणि पिंपळपान, तुमचं वाचून बरं वाटलं. पालकांशी बोलायला शिकवतात का हो या कोर्समध्ये? माझ्या अनुभवात नव्या शिक्षकांना सगळ्यात जास्त तेच जड जातं.

वाटसरू७
फारच कमी शिकवतात. माझ्या कोर्समध्ये नव्हतंच, आणि विशेष शिक्षणात तर अर्धं काम तेच. मूल मागे पडतंय हे आईबाबांना कसं सांगायचं, ते चिडले तर काय, रडले तर काय. एखाद्या कोर्समध्ये छात्रशिक्षकाला पालकसभेत बसू देत असतील तर तो कोर्स चांगला समजावा.

शेवटचंवर्ष
धागा दोनदा वाचला, वाचनखूण पण साठवली. मला आता शेवटचं एकच विचारायचंय. सगळ्यांच्या बोलण्यात मार्गदर्शक शिक्षक येतोय. पण तो कसा आहे हे प्रवेश घेण्याआधी मला कळणार कसं? आणि किती आठवडे पुरेसे?

त्रिज्या
आठवड्यांवर फार जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये पीजीसीई (पदवीनंतरचं शिक्षक प्रशिक्षण) साधारण एका वर्षाचं, त्यात शाळेत किमान १२० दिवस आणि किमान दोन वेगळ्या शाळा, आणि सप्टेंबर २०२१ पासून नोकरी लागल्यावर आणखी दोन वर्षं मार्गदर्शन. जपानमध्ये विद्यापीठातला शालेय सराव जेमतेम दोन ते चार आठवडे, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षण कायद्यानेच बंधनकारक आणि शाळेत एकमेकांचे पाठ बघायची जुनी पद्धत. म्हणजे कोर्समध्ये कमी असेल तर नंतर कोण हात धरतंय ते बघायचं. दोन्हीकडे काहीच नसेल तर मात्र तिथे जाऊ नको.

खडूफळा
बेटा, मार्गदर्शक शिक्षक आधी भेटत नाहीत हे खरं, पण कॉलेजला चार प्रश्न विचारता येतात. सराव शाळा कोणत्या आणि किती वर्षांपासून जोडलेल्या आहेत. शाळेतला शिक्षक कोण निवडतं, कॉलेज की त्या दिवशी जो मोकळा असेल तो. एका प्राध्यापकाकडे निरीक्षणाला किती छात्रशिक्षक असतात. आणि पाठानंतर चर्चा त्याच दिवशी होते की वहीत शेरा मिळतो. दर वर्षी शाळा बदलत असतील तर समजायचं की शाळांना हे नकोय. मग मागच्या वर्षी पास झालेल्या दोघा-तिघांना गाठ आणि विचार, तुमचा सगळ्यात वाईट झालेला पाठ कोणता आणि त्यानंतर तुमच्याशी कोण काय बोललं. ज्यांच्याशी कुणी बोललं असेल ते अर्धा तास सांगत बसतील.

शेवटचंवर्ष
सर, हे तर सोन्यासारखं आहे. आमच्याच कॉलेजच्या दोन सिनियर ताई मागच्या वर्षी बीएड झाल्यात, वेगवेगळ्या ठिकाणी. आजच फोन करते त्यांना आणि काय म्हणाल्या ते इथे लिहिते.

रानजाई
नक्की लिही. आणि विज्ञानाच्या सराव पाठात प्रयोग मुलांना करू देतात की फक्त दाखवायला लावतात, ते पण विचार त्यांना.